चाळिशीनंतर लेसर करायचं की नाही, हे कसं ठरवायचं

मराठीत चाळिशी म्हणजे वय पण आणि चष्मा पण, आणि या वयात लेसर करायला निघालेल्यांची गोची नेमकी इथेच होते. "ऑपरेशन केलं की चष्मा सुटला" हे पंचविशीतल्या माणसाला खरं आहे, आपल्याला अर्धंच.

झालंय काय, की लेसर काम करतं कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर. त्याला थोडं घासून नवीन आकार दिला की लांबचा नंबर जातो. पण जवळचा चष्मा लागतो तो आतलं भिंग वयानुसार कडक होतं म्हणून, त्या भिंगाला लेसर हातसुद्धा लावत नाही. त्यामुळे लांबचं टकाटक दिसायला लागेल आणि मोबाईल वाचायला नवा चष्मा घ्यावा लागेल, असा हा सौदा आहे.

आता तुमचा मायनस नंबर असेल तर हे नीट बघा. मायनस ३ वाला माणूस चष्मा काढला की साधारण ३३ सेंमीवरचं मस्त वाचू शकतो, म्हणजे निसर्गाने वाचायचा चष्मा फुकट दिलाय, आणि लेसरनंतर तोच जातो!! माझा नंबर पावणेतीन, मी रात्री चष्मा काढून पडल्या पडल्या वाचतो, तर मी विचार केला आणि सोडून दिलं. बायकोचा मायनस ७, तिला चष्म्याशिवाय पुस्तक नाकाला लावावं लागायचं, तिने केलं आणि ती खूश आहे (जवळचा चष्मा घरभर शोधत असते, पण खूश आहे).

म्हणून पैसे भरायच्या आधी एक करा. डॉक्टरांना सांगून लांबच्या पूर्ण नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स आठवडाभर घाला. लेसरनंतरचं आयुष्य साधारण असंच असणार. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, सुईत दोरा ओवा, नखं कापा, ताटातला माशाचा काटा शोधा. चिडचिड झाली तर उत्तर मिळालं.

दुसरा पर्याय मोनोव्हिजन, म्हणजे एक डोळा लांबसाठी आणि दुसरा मुद्दाम थोडा मायनस ठेवून जवळसाठी. ऐकायला विचित्र वाटतं पण बऱ्याच जणांचा मेंदू जुळवून घेतो, काहींचा अजिबात नाही. रात्री गाडी चालवणाऱ्यांना आणि ज्यांच्या कामात अंतराचा अचूक अंदाज लागतो त्यांना जास्त त्रास होतो. हेही आधी लेन्स घालून एकदोन आठवडे बघायचं, थेट ऑपरेशन नाही.

तपासणीला जाताना सॉफ्ट लेन्स निदान आठवडाभर आधी बंद, हार्ड असतील तर अजून आधी, नाहीतर कॉर्नियाचा आकार चुकीचा मोजला जातो. तिथे कॉर्नियाची जाडी आणि नकाशा काढतात, जाडी कमी असेल किंवा केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होत पुढे टोकदार व्हायचा आजार) शंका असेल तर नाही म्हणतील आणि ते ऐका. डोळ्याचा मागचा पडदाही (रेटिना) बघून घ्या, मोठा मायनस असेल तर पडदा सुटायचा धोका लेसरने नंबर गेला तरी कमी होत नाही. नंबर वर्षभर स्थिर हवा, आणि डायबेटीस असेल तर साखर वरखाली होते तसा नंबरही हलतो, आधी साखर ताब्यात आणा.

कोरडेपणाचं जरा जास्तच लिहितो कारण लोक तो हसण्यावारी नेतात. लेसर करताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळे काही महिने कोरडे राहतात. वयाने आणि बायकांमध्ये पाळी जायच्या सुमारास डोळे आधीच कोरडे व्हायला लागलेले असतात, त्यात दिवसभर स्क्रीन. आत्ताच डोळे चुरचुरत असतील तर आधी त्याचा इलाज, लेसर नंतर.

पन्नाशीच्या आसपास असाल तर सरळ विचारा की मोतीबिंदूची सुरुवात दिसतेय का. दिसत असेल तर लेसर करून चार वर्षांनी परत ऑपरेशन करण्यात काय अर्थ, त्यापेक्षा भिंग बदलण्याबद्दल बोला, फक्त ते डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, त्याचे धोके वेगळे.

आणि करायचंच ठरलं तर ऑपरेशनआधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा, कुणी मागितले नाहीत तरी. पुढे मोतीबिंदू झाला की लेसर झालेल्या डोळ्यात बसवायच्या नव्या भिंगाचा नंबर काढणं अवघड जातं, तेव्हा हे जुने आकडे कामाला येतात. शिवाय कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचं प्रेशर मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतं आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो, म्हणून पुढे ज्या कुठल्या डॉक्टरकडे जाल त्यांना आधी सांगायचं, लेसर झालंय.