ग्राफीन ऑक्साइडवर मिथिलीन ब्लू चढवताना
वडील सोलापुरात चादरींचं सूत रंगवायचे. ‘आधी सूत नीट भिजव, मग रंग,’ म्हणायचे. इथेही तेच. 100 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात 10 मिलिग्रॅम ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) घ्या, अल्ट्रासोनिक बाथमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी पापुद्रे सुटे करणाऱ्या भांड्यात, अर्धा तास ठेवा. गाळ दिसला तर पुन्हा. आपलं बोअरचं पाणी नकोच. क्षारांमुळे पापुद्रे एकमेकांना चिकटून तळाशी बसतात.

मग मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं पातळ द्रावण थेंबथेंब सोडा, ढवळत राहा. पापुद्र्यांवर ऋण भार, रंगाच्या रेणूवर धन. शिवाय दोघांची सपाट वलयं एकमेकांवर बसतात, म्हणून रंग घट्ट धरतो. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून पापुद्रे तळाशी बसवून, वरचं पाणी प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये तपासा: 664 नॅनोमीटरजवळचं, पाण्यात उरलेल्या रंगाचं शिखर जितकं खाली, तितका रंग चढला. वडील मात्र उरलेलं पाणी ओंजळीत घेऊनच सांगायचे.