खडबडीत वाटेसाठी बाबागाडी घेताना: आधी पाठ, मग चाकं

ऑल-टेरेन स्ट्रोलर बघायला गेलं की नजर आधी चाकांवर जाते. मोठी, हवेची, जाड नक्षीची चाकं आणि मागच्या स्प्रिंगा बघून गाडी दणकट वाटते, आणि असतेही. पण बाळ अजून तान्हं असेल तर यादी चाकांपासून सुरू करू नका, पाठीपासून करा. गाडीला जी वाट झेपते ती बाळाच्या मानेला झेपेलच असं नाही, आणि पहिले सहा महिने निर्णय मान बघूनच करायचा असतो.

म्हणून कागदावर सगळ्यात वर गाडी प्रत्यक्ष कधीपासून वापरणार ती तारीख लिहा, आणि त्या तारखेला बाळ किती महिन्यांचं असेल ते. बहुतेक बाळं चौथ्या महिन्याच्या आसपास मान धरतात आणि आधाराशिवाय बसायला सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर हे महिने जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी प्रसूतीसाठी दिलेल्या तारखेपासून मोजा. बसायला लागेपर्यंत बाळाला गाडीत आडवंच ठेवायचं. त्यासाठी एक तर फ्रेमवर बसणारी सपाट कॅरीकॉट (बाळाला आडवं झोपवायची टोपली) हवी, नाही तर पूर्ण आडवी होणारी सीट. अडॅप्टर (जोडणीचे तुकडे) लावून गाडीवर चढवलेली कार सीट हा तिसरा मार्ग दुकानात हमखास सुचवला जातो, पण ती मोटारीतल्या प्रवासासाठी बनलेली असते. तीत बाळ अर्धवट बसलेलं राहतं, झोप लागली की डोकं पुढे कलंडतं आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मऊ असते, मान अशी मुडपली की हवा जायची वाट अरुंद होते. मोटारीतून उतरून दारापर्यंत जाण्यापुरतं ठीक आहे. खडीच्या वाटेवर मात्र कार सीट लावलेली गाडी नेऊच नका, कारण वजन उंचावर गेल्याने ती कलंडायला वेळ लागत नाही.

सीट ‘आडवी होते’ एवढं ऐकून थांबू नका. युरोपच्या ईएन १८८८ या मानकात जन्मापासून वापरायच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्यातला कोन निदान १५० अंश असावा लागतो. कित्येक तीनचाकी गाड्यांची सीट एवढी मागे जातच नाही, म्हणूनच त्यांच्या माहितीपुस्तिकेत ‘सहा महिन्यांपासून’ असं छापलेलं असतं. ते वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून न ऐकता पुस्तिकेत स्वतः वाचा. मग सीटवर हात दाबून बघा. पाठ नुसत्या पट्ट्यांनी सैल करायची असेल तर मधलं कापड झोळीसारखं खाली बसतं. बाजूने बघताना सीट सपाट दिसते, पण बाळ तीत कमरेत दुमडलेलं असतं. पाठीखाली कडक तळ हवा. कॅरीकॉट घेत असाल तर तिची गादी घट्ट आणि काठोकाठ बसणारी हवी, जास्तीची मऊ गादी वर टाकायची नाही. बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलू लागलं किंवा पुस्तिकेतली वजनाची मर्यादा आली (बऱ्याच कॅरीकॉटना ती ९ किलोच्या आसपास असते) की कॅरीकॉट बंद. यातलं जे आधी होईल ते धरायचं.

आता वाट. पुढच्या दहा फेऱ्या कुठे होतील ते प्रामाणिकपणे लिहून काढा. दहापैकी आठ फेऱ्या सरळ फुटपाथवर असतील तर चौदा किलोची गाडी रोज उचलण्यात अर्थ नाही. खडी, गवत, वाळू, झाडांची मुळं, उखडलेले पेव्हर ब्लॉक अशी रोजची वाट असेल तर मात्र चाकाच्या व्यासावर तडजोड करू नका. पंधरा सेंटिमीटरचं छोटं चाक चार-पाच सेंटिमीटरच्या फटीत उतरतं आणि तिथेच अडतं, हात पुढे जातात आणि गाडी मागे राहते. ३० सेंटिमीटरचं, म्हणजे १२ इंची चाक तीच फट सहज ओलांडतं. पुढे १२ आणि मागे १६ इंची ही जोडी या कामाला चांगली.

हवेचं चाक की भरीव, या वादात तान्ह्या बाळापुरता आमचा कौल हवेच्या चाकाला आहे आणि त्याचं कारण सहसा कोणी सांगत नाही. मागच्या स्प्रिंगा मोठ्या मुलाचं वजन धरून बसवलेल्या असतात. त्यांच्यावर पाच किलोचं बाळ ठेवलं तर त्या जेमतेम हलतात. म्हणजे पहिल्या महिन्यांत धक्का खरा सोसतो तो टायर. टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो, बहुधा २० ते ३० पीएसआयच्या दरम्यान. बाळ हलकं आणि वाट खडबडीत असेल तर छापलेल्या मर्यादेतला खालचा आकडा ठेवा. टायर दगडासारखा टणक भरला तर गाडी ढकलायला हलकी लागते, पण प्रत्येक खडा थेट बाळापर्यंत पोचतो. स्प्रिंगा कमी-जास्त करायची सोय असेल तर ती सगळ्यात मऊवर आणा.

हे दुकानातच तपासता येतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाण्याच्या पाच भरलेल्या बाटल्या टॉवेलात घट्ट गुंडाळून सीटवर ठेवा, पट्टा लावा आणि गाडी बाहेर उंचसखल जागी चालवून बघा. बाटल्या किती आदळतात ते कानाला कळतं. रिकामी गाडी चकचकीत फरशीवर फिरवून काहीच समजत नाही, सगळ्याच गाड्या तिथे लोण्यासारख्या चालतात. हँडल खाली दाबून पुढचं चाक दहा-बारा सेंटिमीटरच्या काठावर चढवा. एका हाताने वळवून बघा. घरात गाडी ढकलणाऱ्या सगळ्यांना, बुटक्या-उंच दोघांनाही, हे करायला लावा. कोपर किंचित वाकलेलं राहून मनगट सरळ असेल तर हँडलची उंची बरोबर. लांब पाऊल टाकताना नडगी मागच्या दांडीला आपटत असेल तर ती गाडी त्या माणसासाठी नाही.

हवेच्या चाकाची किंमत पंक्चरमध्ये मोजावी लागते, त्याची तयारी गाडीबरोबरच करा. प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब, टायर रिममधून सोडवायचे प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर आणि दाब दाखवणारा छोटा हातपंप. पंप दुकानातच व्हॉल्व्हला लावून बघा. व्हॉल्व्ह बहुधा मोटरसायकलसारखाच असतो, पण छोट्या चाकात आऱ्यांच्या मध्ये पंपाचं तोंड शिरत नाही आणि हे नेमकं वाटेत लक्षात येतं. वाकडा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब मिळाली तर तीच घ्या. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने हवा भरू नका. या ट्यूबमध्ये मावतेच किती, काही सेकंदांत ती फुटते. काटेरी झुडपांची वाट असेल तर ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा तिन्ही चाकांची हवा बघा. गाडी एका बाजूला ओढायला लागली की लोक फ्रेम वाकली म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा मागच्या एका चाकात हवा कमी झालेली असते.

पुढचं चाक फिरतं आणि लॉक होतं, असं दोन्ही हवं. गर्दीत आणि सपाटीवर फिरतं, खडी-वाळू-उतारावर लॉक. फिरतं चाक वेग वाढला की थरथरायला लागतं आणि ती थरथर हँडलपर्यंत येते. वेग कमी करा आणि चाक लॉक करा. लॉक करूनही थरथरत असेल तर ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, सैल आहे किंवा हवा कमी आहे. चाक लॉक करून सपाट जागी गाडी पाच मीटर हलकेच सोडून बघा, पट्टा मनगटात ठेवूनच. ती सरळ न जाता सतत एकीकडे जात असेल तर पुढच्या चाकाजवळच्या नॉबने दिशा जुळवता येते. असा नॉब नसेल तर ते गाडी घेण्याआधीच कळलेलं बरं.

चाक पटकन काढायची खिट्टी ही सोय मोठी आणि धोकाही तिथेच. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जॉगिंग स्ट्रोलरच्या (धावताना ढकलायच्या गाड्यांच्या) एका कंपनीविरुद्ध याच खिट्टीवरून कारवाई सुरू केली. प्रश्न जवळपास पाच लाख गाड्यांचा होता. खिट्टी नीट न बसलेलं पुढचं चाक चालता चालता निखळत होतं आणि मुलंही जखमी झाली, मोठी माणसंही. म्हणून ही कृती हाताला बसेपर्यंत करा. गाडी सपाट जागी उभी करून ॲक्सल दोन्ही खाचांत शेवटपर्यंत बसवा. खिट्टी मिटताना ती सरळ बाहेर उभी असते तिथपासूनच जोर लागायला हवा, आणि पूर्ण मिटल्यावर तळहातावर तिचा वळ उठायला हवा. सहज मिटली तर ती सैल आहे, उघडून समोरचा नट अर्धा फेरा घट्ट करा आणि पुन्हा मिटा. मग गाडीचं तोंड उचलून चाकावर वरून बुक्की मारा आणि दोन्ही हातांनी ओढून बघा. गाडी डिकीतून काढली की प्रत्येक वेळी हे करायचं, घाईत असाल तरी.

पायाच्या ब्रेकने मागची दोन्ही चाकं अडली पाहिजेत. एकच चाक अडलं तर गाडी खडीवर घसरत त्या चाकाभोवती फिरते. ब्रेक दाबल्यावर गाडी दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे हलवा, म्हणजे आतली पिन दात्यात बसल्याचा टक् आवाज येतो. नुसता दाबून सोडलेला ब्रेक कधी कधी दोन दात्यांच्या मध्येच राहतो. भरलेली गाडी उतारावर उभी करून बघा, आणि वापरतानाही उताराला तोंड करून नाही, आडवीच उभी करा. लांब उताराच्या वाटेवर हँडब्रेक हवाच. पायाचा ब्रेक गाडी उभी ठेवण्यासाठी आहे, चालत्या गाडीचा वेग कमी करण्यासाठी नाही. मनगटाचा पट्टा नसलेली गाडी घेऊ नका.

तीनचाकी गाडी वळायला हलकी, पण वळता वळता मागचं एक चाक काठावर चढलं की ती बाजूला कलते. मागची रुंदी जितकी जास्त तितकी ती स्थिर. पण हीच रुंदी दारात अडते, म्हणून घराचं दार, लिफ्टचं दार आणि डिकी मोजून आकडे बरोबर न्या. गाडी मिटलेली असताना चाकं लावून आणि चाकं काढून, अशी दोन्ही मापं घ्या. बॅग हँडलला लटकवू नका. बाळ हलकं, बॅग जड, आणि बाळाला उचललं की गाडी मागे उलटते. सामान खालच्या टोपलीतच ठेवा. बाळासकट गाडी जिन्यावरून नेताना पुढच्या आडव्या दांडीला धरून उचलू नका, ती निघून हातात येऊ शकते. बाळाला कडेवर घ्या, गाडी वेगळी न्या.

पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून. आधी कमरेचा घट्ट करा, मग खांद्यांचे. पट्टा आणि छातीच्या मध्ये जेमतेम एक बोट जावं. जाड कपडे घातले की खरी सैल जागा कपड्यात लपते, म्हणून ऊब हवी तर पट्टा लावून वरून पांघरूण घाला. छत चांगलं खाली येणारं असावं. ऊन आहे म्हणून गाडीच्या तोंडावर दुपटं टाकून झाकू नका, अगदी पातळसुद्धा नाही. आत हवा कोंडते, गाडी तापते आणि बाळ दिसत नाही. वाऱ्याला वाट देणारी जाळी ठेवा आणि मधून मधून बाळाच्या मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर थांबून सावलीत न्या. पावसाचं कव्हर छताखाली आलात की लगेच काढा.

गाडी ढकलत धावायचा बेत असेल तर तो वेगळा विषय समजा. ऑल-टेरेन लिहिलेली प्रत्येक गाडी धावण्यासाठी नसते. माहितीपुस्तिकेत धावण्याची परवानगी स्पष्ट लिहिलेली असावी लागते. कंपन्या निदान सहा महिने म्हणतात, बरेच डॉक्टर आठ महिने थांबायला सांगतात. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको. कॅरीकॉट किंवा कार सीट लावून तर कधीच धावायचं नाही. तोवर खडबडीत वाटेवरही चालण्याचाच वेग, आणि बाळाचं डोकं डुगडुगताना दिसलं की मागे फिरायचं, वाट कितीही सुंदर असो.

वापरलेली गाडी मिळत असेल तर फ्रेमचे जोड, मिटवायच्या जागेचं कुलूप आणि पट्ट्यांच्या शिवणी उजेडात बघा. टायर दाबून त्याच्या कडेला बारीक भेगा दिसतात का ते पाहा. रबर न वापरताही वाळतं. मॉडेलचा क्रमांक टाकून कंपनीने ती परत मागवली होती का ते शोधा. माहितीपुस्तिका हाती लागल्याशिवाय व्यवहार करू नका.

गाडी घरी आली की पहिल्या दोन फेऱ्या बाळाऐवजी त्याच पाण्याच्या बाटल्या घेऊन करा, नेहमीच्या वाटेवर. आठवडाभराने सगळे नट आणि हँडलचे स्क्रू एकदा पुन्हा आवळा, नव्या गाडीत ते थोडे सैल होतातच. वाळूतून किंवा चिखलातून आलात तर चाकं काढून ॲक्सल साध्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा आणि मगच लावा. ब्रेकच्या दात्यांना तेल लावू नका.