रेंडर शिकायचंय? आधी ऊन बघायला लागा

बडोद्यात आर्किटेक्ट आणि इंटिरिअरवाल्यांसाठी मी थ्रीडी व्ह्यू, म्हणजे अजून न झालेल्या घराची फोटोसारखी चित्रं (रेंडर), बनवते. शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? मी ज्या ऑफिसांची कामं करते तिथे मॉडेल बनवायला स्केचअप किंवा थ्रीडीएस मॅक्स आणि त्यावरून चित्र काढायच्या इंजिनासाठी जोडीला व्ही-रे, कोरोना किंवा एन्स्केप चालतं. पैसे घालायचे नसतील तर ब्लेंडर फुकट आहे आणि त्यातलं सायकल्स इंजिन घराचं काम उत्तम काढतं. एक नीट आलं की दुसरं पकडायला फार वेळ लागत नाही. प्रकाश कुठे आपटतो, किती शोषला जातो, किती पुढे जातो, हाच सगळा हिशेब. संगणक-चित्रांचे संशोधक जेम्स काजिया यांनी तो १९८६ मध्ये समीकरणात मांडला, आणि फोटोसारखी चित्रं काढणारी आजची इंजिनं त्याच पायावर उभी आहेत.

वेळ घालवायचा तो उन्हावर. बडोदं साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला. त्यामुळे २१ जूनला दुपारी बारा-चाळीसच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तोही किंचित उत्तरेकडे कललेला. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. २१ डिसेंबरला तोच सूर्य सगळ्यात वर असतानाही क्षितिजापासून ४४ अंशांवरच असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत फरशीवर उतरतं. आता नेटवरून उतरवलेली एखादी एचडीआरआय, म्हणजे प्रकाशासाठी वापरायचा आकाशाचा चौफेर फोटो, लावा. फोटो काढला तेव्हा सूर्य जितका वर होता, तितकाच तो तुमच्या हॉलमध्येही राहणार. फोटो थंड देशातला असेल तर आकाश थंड निळं, सावल्या लांबच लांब. क्लायंटला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण "हे आपलं घर वाटत नाही" एवढं तो म्हणतोच. म्हणून प्लॅन हातात आला की आधी उत्तर दिशा विचारा. मग सॉफ्टवेअरच्या सूर्यात गावाचा अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि अधिक साडेपाच तासांचा टाइमझोन भरा. मटेरियल लावायच्या आधी सगळ्या मॉडेलला एकच फिकट राखाडी रंग देऊन एक रेंडर काढा. प्रकाश तिथे चांगला दिसला नाही, तर महागडं टेक्स्चर त्याला वाचवणार नाही.

मटेरियलसाठी ट्युटोरिअलपेक्षा सुताराशेजारी उभं राहिलेलं बरं. सनमायकाची शीट आठ बाय चार फुटांची येते. नऊ फुटी वॉर्डरोबवर तुम्ही खालपासून वरपर्यंत एकसलग लाकूड दाखवलंत तर साइटवर पहिला प्रश्न येतो, "जोड कुठे घेऊ?" तो जोड रेंडरमध्येच दिसायला हवा, म्हणजे डिझायनरला तो कुठे घ्यायचा ते आधी ठरवता येतं. मोरबीच्या टाइल्सचंही तसंच: साइज खरी घ्या, सांधा दाखवा, आणि तीच शीर प्रत्येक टाइलवर उमटू देऊ नका. पांढरी भिंत कधी पूर्ण पांढरी ठेवू नका. चांगला पांढरा रंगसुद्धा पडलेल्या प्रकाशातला साधारण ८० टक्केच परत फेकतो.

कड समजून घ्यायची असेल तर बडोद्याच्या रावपुऱ्यातला जुना तांबेकरवाडा बघून या. तिथल्या लाकडाच्या कडा इतक्या वर्षांच्या वावराने मऊ झाल्यात आणि उजेड नेमका त्या गोलाईवर रेघेसारखा थांबतो. नव्या टेबलाची कडसुद्धा ब्लेडसारखी धारदार नसते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोलाई दिली की तीच रेघ तुमच्या चित्रातही येते. माझ्या मते नवशिक्याच्या रेंडरमध्ये सगळ्यात जास्त फरक याने पडतो.

कॅमेरा छाती-कमरेच्या मधे, साधारण १.२ मीटरवर ठेवा आणि उभ्या रेषा उभ्याच राहू द्या. खोली मोठी दाखवण्यासाठी लेन्स फार वाइड केली की सोफा ताणला जातो आणि क्लायंट फसतो.

पंखा, स्विचबोर्ड, एसीचा पाइप, देवघर, झोपाळा हे सगळं दाखवा, कितीही नको वाटलं तरी. परदेशी मॉडेल लायब्ररीत यातलं फारसं मिळत नाही, म्हणून स्वतः बनवून साठवत जा. झोपाळ्याची कडी स्लॅबमध्ये कुठे येणार हे चित्रात दिसलं तर फॉल्स सीलिंगवाला वेळेत विचारतो. मला हे काम आवडतं ते यामुळेच: पुढे तोडफोड होणार असते, ती चित्रातच थांबते.

कॉम्प्युटर घेताना ग्राफिक कार्डाची मेमरी आधी बघा. जीपीयूवर, म्हणजे त्याच कार्डावर, रेंडर करताना सीन तिच्यात मावला नाही तर काम रखडतं किंवा बंदच पडतं.

आणि पैशांचं. किती वेळा बदल करून देणार ते काम घेतानाच लिहून ठेवा. आधी छोट्या साइजचं रेंडर पाठवा, अँगल आणि मटेरियलला व्हॉट्सअॅपवर लेखी होकार घ्या. ए-थ्री प्रिंटसाठी ३०० डीपीआयला ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात. ते फायनल रेंडर रात्रभर चालायला लावायचं, पण होकार आणि अॅडव्हान्स दोन्ही हातात आल्यावरच.