खाऱ्या पाण्याच्या टाकीतील शेवाळ: आधी बोअरचे पाणी तपासा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत दगडांवर हिरवे, केसाळ शेवाळ वाढू लागले की बहुतेक जण ब्रश आणि औषध शोधू लागतात. विदर्भातील खेड्यात मात्र पहिली तपासणी बोअरच्या पाण्याची करावी, कारण आपल्याकडील शेवाळाला खाद्य बहुधा तिथूनच मिळते.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी असते आणि टाकी थंड राहावी म्हणून पाण्यावर पंखा सोडला की ते आणखी वेगाने आटते. वाफेबरोबर जाते ते निव्वळ पाणी. मीठ आणि विरघळलेले बाकी सारे टाकीतच उरते. समजा, २०० लिटरच्या टाकीतून रोज ४ लिटर पाणी आटते आणि त्याजागी आपण लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट (शेवाळाचे एक मुख्य खाद्य) असलेले बोअरचे पाणी ओततो. ५० दिवसांत टाकीत ८,००० मिलिग्रॅम नायट्रेट पडते, म्हणजे माशांच्या खाद्याचा हिशेब न धरताही लिटरमागे ४० मिलिग्रॅमची भर पडते. पिण्याच्या पाण्यासाठी ४५ मिलिग्रॅमची मर्यादा असल्याने माणसाला हे पाणी चालते. टाकीत मात्र हे प्रमाण २ ते १० च्या दरम्यान राखणे चांगले. शिवाय काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात सिलिका असते आणि काचेवर धरणारा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर तिच्यावरच वाढतो. पाणी उकळून यांतले काहीही कमी होत नाही.

म्हणून आटलेल्या पाण्याची भरपाई आणि मीठ कालवणे, दोन्हींसाठी आरओचे पाणी घ्यावे. घरगुती यंत्रांपैकी अनेकांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) नियंत्रक किंवा खनिजांचे कार्ट्रिज असते. टाकीसाठीचे पाणी त्याच्या आधीच काढून घ्यावे. पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचे नळकांडे जोडून मीटरवर टीडीएस शून्य येईल असे पाहावे. विजेचा भरवसा नसल्याने एक स्वच्छ, झाकणाचा ड्रम नेहमी भरलेला ठेवावा.

आता साचलेले शेवाळ. ते हाताने उपटावे आणि त्याच वेळी नळीने ओढून बाहेर काढावे. नुसते घासून सोडले तर त्याचे तुकडे दुसरीकडे रुजतात. हिरव्या फुग्यांसारखे शेवाळ टाकीत फोडू नये, तो दगड बाहेर काढून ते खरवडावे. वाळूवरची लाल, चिकट साय हे शेवाळ नसून जिवाणू आहेत. ती ओढून काढावी आणि तिथे पाण्याचा प्रवाह वाढवावा. दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलावे, दिवे ८ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि खिडकीचे ऊन टाकीवर येऊ देऊ नये. गोठवलेले खाद्य चाळणीत धुऊन द्यावे.

शेवाळाचे दुसरे खाद्य असलेले फॉस्फेट टाकीत लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असावे. ते शोषणारे लोहयुक्त माध्यम थोडेच वापरावे, कारण नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेले की बुडबुडे धरणाऱ्या तपकिरी तारांचे डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव) माजतात आणि ते शेवाळापेक्षाही हट्टी असतात.

शेवाळ खाणाऱ्या गोगलगायींपैकी ट्रोकस निवडावी. उलटी पडली तरी ती सहसा स्वतःहून सरळ होते. टर्बो खाते भरपूर, पण तिच्या काही जाती थंड पाण्यातल्या असल्याने आपल्या उन्हाळ्यात त्या तग धरत नाहीत. गोगलगायी असलेल्या टाकीत तांबेयुक्त औषध कधीही घालू नये. कपाशीवर फवारणी करून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये, कारण कीटकनाशकाचा अंशही कोळंबी आणि खेकड्यांना मारू शकतो.

पाणी बदलले म्हणून शेवाळ लगेच हटत नाही. दगडांत मुरलेले फॉस्फेट अनेक आठवडे हळूहळू सुटत राहते, त्यामुळे दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी चाचणी करून आकडे वहीत लिहावेत आणि ते उतरत असतील तर उपाय बदलू नये.