कोर्टात केस सुरू असताना बदनामीत न अडकता कसं बोलावं

समजा, नागपुरातल्या बेसा रोडकडच्या एका ले-आउटमधला तुमचा प्लॉट विक्रेत्याने दुसऱ्यालाही विकला. तुम्ही दावा टाकला. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातून पहिली पेशी करून परतताना प्लॉटधारकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘हा माणूस भामटा आहे, आज कोर्टात उघडा पडला.’ तुमची बाजू शंभर टक्के खरी असली, तरी या एका ओळीने समोरच्याला तुमच्यावर उलटा खटला भरायची संधी मिळते. फसवला गेलेला माणूसच आरोपी होऊन बसतो, हे फार वाईट. ते टाळता येतं.

आधी कायदा कुठे उभा आहे ते बघा. संविधानाचं कलम 19 बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि त्यातच बदनामी व न्यायालयाचा अवमान या मर्यादाही घालतं. 1 जुलै 2024 पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. शिक्षा 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. आधीच्या दंड संहितेतली अशीच फौजदारी तरतूद घटनाबाह्य ठरवा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये फेटाळली. पण कलम 356 ला 10 अपवाद आहेत, आणि तुमचं संरक्षण तिथे आहे.

आरोप योग्य दारात करा. ज्याला दखल घ्यायचा अधिकार आहे त्याच्याकडे, म्हणजे पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात, सद्भावनेने केलेल्या तक्रारीला अपवाद आहे. ग्रुपमधल्या दोनशे जणांना तो अधिकार नाही. आणि सद्भावना म्हणजे ‘मला मनापासून तसं वाटलं’ एवढंच नाही. पुरेशी काळजी घेऊन, तपासून बोललात का, हे कायदा विचारतो. खरेदीखत, सातबारा, पैसे दिल्याच्या पावत्या आधी जुळवा. दाव्यातसुद्धा मुद्द्याशी संबंध नसलेली शिवीगाळ घालू नका. समोरच्याच्या घरच्या भानगडींचा प्लॉटशी काय संबंध?

बाहेर सांगायचंच असेल तर जे घडलं तेवढंच सांगा. न्यायालयाच्या कामकाजाचा मुळात खरा वृत्तान्त देणं बदनामी ठरत नाही. तोच मेसेज असा लिहा:

‘आज सुनावणी झाली. हाच प्लॉट दोघांना विकल्याचं आमच्या वकिलांनी न्यायालयात मांडलं. विक्रेत्याच्या वकिलांनी ते नाकारलं. निकाल व्हायचा आहे.’

माहिती सगळी पोचली. ‘भामटा’ गेला, कोण काय म्हणालं ते आलं, आणि समोरच्याचा नकारही आला. हा नकार गाळायचा मोह होतो. गाळू नका, वृत्तान्ताचा खरेपणा त्यावरच टिकतो. आदेशाबद्दल लिहायचं तर ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर आदेश वाचा किंवा नक्कल काढा.

काही गोष्टी मुळीच लिहू नका. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख, बंद दाराआड चाललेली सुनावणी, कुटुंब न्यायालयातली मुलांची माहिती.

निकाल लागल्यावर त्यावर टीका करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘न्यायालयाने खरेदीखताची तारीख विचारात घेतली नाही’ ही टीका. ‘न्यायाधीशाने पैसे खाल्ले’ हा आरोप, आणि तो 1971 च्या अवमान कायद्यात जाऊ शकतो. तिथे 6 महिन्यांपर्यंत कैद आहे.

बदनामीची नोटीस आलीच तर घाबरून मेसेज उडवू नका. आधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढा आणि ग्रुपवर उत्तर देऊ नका. ‘पोलीस उचलून नेतील’ या धमकीने गडबडू नका. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत असा, आणि जामीनपात्र आहे. ज्याची बदनामी झाली तो न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करतो, आणि दखल घेण्यापूर्वी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. भरपाईचा दिवाणी दावा करायला त्याला 1 वर्षाची मुदत असते, फौजदारी तक्रारीला 3 वर्षांची. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत.