प्लॅटफॉर्म टीममध्ये नवीन आहात? थोडं अनुभवाचं

गाडीच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलवर काम करायला आलेल्या फ्रेशरची पहिली तक्रार ठरलेली: "नवीन कोड लिहायलाच मिळत नाही." खरंय. पुण्यातल्या अशा टीम्समध्ये दिवे, वायपर, सेंट्रल लॉक यांचं सॉफ्टवेअर कोऱ्या फाइलपासून जवळपास कधीच सुरू होत नाही. नवीन कस्टमर येतो, नवीन मॉडेल येतं, आणि आपल्याकडच्या तयार, सगळ्यांसाठीच्या कोडमधलं (यालाच प्लॅटफॉर्म म्हणतात) काय जसंच्या तसं चालेल, काय बदलावं लागेल, एवढंच ठरवायचं असतं. मी बरीच वर्षं हेच करतोय. हे ठरवणं कोड लिहिण्यापेक्षा अवघड आहे आणि कॉलेजात कोणी शिकवत नाही, म्हणून हे लिहितोय.

कल्पना जुनीच. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिशच्या नाटो परिषदेत डग मॅकइलरॉय यांनी तयार सुट्या भागांतून सॉफ्टवेअर जोडायचा विचार मांडला. १९७६ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी प्रोग्रॅमच्या कुटुंबांवर लिहिलं: आधी सगळ्यांत सारखं काय ते बघा, मग एकेकाचा वेगळेपणा. पुणेकरांना कोथरूडमुळे माहीत असलेल्या कमिन्सने १९९०च्या दशकात अमेरिकेत इंजिन कंट्रोलचं सॉफ्टवेअर याच पद्धतीने बांधायला घेतलं. सुमारे २० मूळ बिल्डांवर हजाराच्या वर इंजिन अ‍ॅप्लिकेशन्स, हे त्यांचं उदाहरण या विषयात आजही दिलं जातं. इतिहास एवढा पुरे.

आता एकच फीचर जवळून बघू. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या कारमध्ये वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ताशी ८० किलोमीटरच्या वर बझर मधूनमधून वाजतो, १२०च्या वर सतत. ऐकायला चार ओळींचं काम. पण वेग येतो कुठून? एबीएस असलेल्या गाडीत साधारणपणे एबीएसच्या ईसीयूकडून (छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरकडून), कॅनवर, म्हणजे गाडीतल्या अशा कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या नेटवर्कवर. एबीएस नसलेल्या जुन्या मॉडेलमध्ये गिअरबॉक्सवरच्या सेन्सरचे पल्स मोजावे लागायचे. आवाज कोण काढणार? कुठे इन्स्ट्रुमेंट क्लस्टर (डॅशबोर्डवरचं मीटर), कुठे आपल्याच मॉड्यूलला जोडलेला बझर. निर्यातीच्या गाडीत मर्यादा वेगळी, नाहीतर हे फीचरच नाही. शिवाय सीटबेल्टचा इशाराही त्याच बझरवर हक्क सांगतो. दोन्ही एकदम आले तर आधी कोण?

नवखा माणूस सरळ इशाऱ्याच्या फंक्शनमध्ये शिरतो आणि अट घालतो: अमुक कस्टमर असेल तर कॅन वाचा, नाहीतर पल्स मोजा. चालतं की! तिसरा कस्टमर येईपर्यंत. नीट मांडणीत इशाऱ्याच्या कंपोनंटला दोनच गोष्टी मिळतात, वेग आणि तो वेग भरवशाचा आहे की नाही. तो कॅनवरून आला की पल्स मोजून, हे खालच्या थरातच मिटलेलं असतं. ८० आणि १२० हे आकडे कोडमध्ये नाही, कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे कोडला हात न लावता बदलता येणाऱ्या आकड्यांत. आणि कोडमधल्या अटीत कस्टमरचं नाव दिसलं की मी रिव्ह्यूमधून ते परत पाठवतो. अट फीचरच्या नावाने लिहा. उद्या तोच कस्टमर दुसऱ्या मॉडेलला वेगळं काहीतरी मागणार, हे गृहीत धरा.

यानंतरचा प्रश्न, फरक कधी ठरवायचा. ऑटोसारमध्ये (गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठीचं सामायिक मानक) याचे तीन टप्पे आहेत: कंपाइल करताना, लिंक करताना आणि बिल्ड झाल्यानंतर. कंपाइललाच नको ते काढून टाकलं तर मेमरी वाचते, पण प्रत्येक व्हेरियंटची बायनरी वेगळी, पार्ट नंबर वेगळा, टेस्टिंग वेगळं. उशिरा ठरवलं तर एकच बायनरी सगळ्या गाड्यांत जाते आणि ही गाडी बेस की टॉप हे प्लांटमध्ये लाइनच्या शेवटी कोडिंग करून सांगतात. तिथे चुकीचं कोडिंग झालं तर बेस मॉडेल नसलेल्या फॉग लॅम्पची तक्रार करत बसतं. माझं मत विचाराल तर हार्डवेअरचे फरक लवकर मिटवावेत, विक्रीचे फरक उशिरा.

आणि प्रत्येक ठिकाणी "ऑप्शन ठेवू या" म्हणणाऱ्यांपासून सावध. चालू-बंद होणारी ३३ स्वतंत्र फीचर्स घेतली तरी जुळण्या ८५० कोटींच्या वर जातात, पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त. तपासणार कोण? म्हणूनच फीचर मॉडेल लागतं: सक्तीचं काय, ऐच्छिक काय, कशाला काय लागतं, कशाचं कशाशी जमत नाही. त्यासाठीची महागडी टूल्स कंपनीत गेल्यावर शिकाल, त्यांच्या सर्टिफिकेटवर आत्ता पैसे घालवू नका.

घरी सराव करायचाय? लिनक्स कर्नल घ्या, फुकट आहे. मेक मेन्यूकॉन्फिग (ऑप्शन निवडायचा मेन्यू) चालवा आणि केकॉन्फिगच्या, म्हणजे ते ऑप्शन्स जिथे लिहिलेले असतात त्या फाइली वाचा. हजारो ऑप्शन्स, त्यांच्यातली अवलंबनं, सगळं उघड्यावर. टायनीकॉन्फिगने (कमीत कमी ऑप्शन्स) बिल्ड करा, मग रँडकॉन्फिगने (कुठलेही ऑप्शन्स). काय फुटतं ते बघा आणि का फुटलं ते शोधा. 'डिपेंड्स ऑन' आणि 'सिलेक्ट' यांतला फरक तर पाठच करा. डिपेंड्स ऑन आपली अट पुरी होईपर्यंत ऑप्शन निवडूच देत नाही; सिलेक्ट समोरचा ऑप्शन जबरदस्तीने चालू करतं, त्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्यात का हे बघत नाही. इंटरव्ह्यूत एवढं उदाहरणासह सांगणारा उमेदवार आला की मी पुढचे प्रश्न आवडीने विचारतो. बाकी सी भाषा, कॅनची तोंडओळख आणि गिटमध्ये एक फिक्स दुसऱ्या ब्रँचवर नेता येणं, हे हवंच.

राहता राहिलं माणसांचं. एका कस्टमरची गाडी करणाऱ्या प्रोजेक्ट टीमला डेडलाइन असते, सगळ्यांसाठीचा कोड सांभाळणाऱ्या प्लॅटफॉर्म टीमला सगळ्यांचे डोळे. प्रोजेक्टवाले घाईत अख्खी प्लॅटफॉर्म कॉपी करतात, "रिलीजनंतर मर्ज करू" म्हणतात, आणि तो दिवस सहसा उगवत नाही. मग एकच बग पाच ब्रँचवर पाचदा फिक्स होतो. अप्रेझलमध्येही नाव गाडी बाजारात आणणाऱ्यांचं होतं. तरी पहिली एक-दोन वर्षं प्रोजेक्ट टीममध्येच काढा, असं मी सांगेन. कस्टमर काय काय मागू शकतो हे तिथेच कळतं, आणि ते माहीत नसलेल्या माणसाने बांधलेली प्लॅटफॉर्म कोणी वापरत नाही. ऑफर हातात आली की एचआरला नाही, टेक्निकल राउंड घेणाऱ्याला विचारा: प्रोजेक्टमध्ये सापडलेला बग प्लॅटफॉर्ममध्ये कोण फिक्स करतं, आणि त्याचे तास कोणाच्या बजेटमधून जातात? उत्तर चटकन आलं तर जॉइन व्हायला हरकत नाही.