लिनक्सवर आवाज तुटतोय? या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत हल्ली रियाजाचा तानपुरा लॅपटॉपवर वाजतो, आणि आवाज तुटतोय हे सगळ्यात आधी तिथेच कळतं. सिनेमाच्या गोंगाटात एखादी कडकड खपून जाते. षड्जाच्या आसेत मात्र ती लपत नाही. म्हणून तपासणी तानपुरा लावूनच करा.

सर्रास होणारी चूक म्हणजे जुना उपाय डोळे झाकून करणं. 'टीशेड (आवाज पुरवण्याच्या वेळेची एक सेटिंग) शून्य करा' हा सल्ला पल्सऑडिओचा, म्हणजे लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या जुन्या साउंड सर्व्हरचा. लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोरा २०२१ पासून, उबंटू २२.१० या आवृत्तीपासून पाइपवायर या नव्या सर्व्हरवर आलं, आणि पल्सऑडिओची ती सेटिंग-फाइल पाइपवायर वाचतच नाही. टर्मिनलमध्ये 'पीएसीटीएल इन्फो' द्या, सर्व्हर कोणता ते कळेल.

पाइपवायर असेल तर 'पीडब्ल्यू-टॉप' उघडा. तानपुरा चालू ठेवून ब्राउझरमध्ये दोन-चार जड पानं उघडा आणि 'ईआरआर' या रकान्यावर नजर ठेवा. कडकड होते त्याच क्षणी तिथला आकडा वाढला, तर आवाजाचा पुढचा तुकडा वेळेत तयार होत नाहीये. या तुकड्याला क्वांटम म्हणतात. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने असताना, १०२४ नमुन्यांचा क्वांटम म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंद. 'पीडब्ल्यू-मेटाडेटा'ने फोर्स-क्वांटम २०४८ केला की मुदत दुप्पट होते. फरक पडला तरच तो सेटिंग-फाइलमध्ये कायमचा लिहा, नाहीतर परत शून्य करा.

इथे लोक उत्साहाने थेट ८१९२ वर जातात. नुसता तानपुरा ऐकायचा असेल तर चालेल, पण माइकवर गाऊन तोच आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा असेल, तर तो इतका मागे पडतो की लय सांभाळणं अशक्य होतं.

'ईआरआर'चा आकडा हलत नसेल तर क्वांटमला हात लावू नका. शांततेनंतर वाजायला लागताना फक्त एक 'टप्' येतो? साउंड चिप झोपेतून उठते आहे. 'एसएनडी-एचडीए-इंटेल' या तिच्या ड्रायव्हरचा पॉवर-सेव्ह शून्य करा. मोठ्या आवाजातच फाटतं? आवाज १०० टक्क्यांच्या वर नेलाय, खाली आणा. यूएसबी साउंड कार्ड हबवर असेल तर थेट लॅपटॉपला लावून बघा.

आणि सततची घूं चार्जर काढल्याबरोबर थांबत असेल, तर दोष विजेच्या बाजूचा आहे. तिथे लिनक्सची कुठलीच सेटिंग कामाची नाही, घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.